साडेतीन फूट

नाशिकरोडच्या छापखान्यात
एकतीस वर्षं मी चुका शोधल्या.
शाईचा ठिपका, सरकलेला आकडा,
केसाएवढी पांढरी रेघ.
सापडली की लाल पेन्सिलीची खूण
आणि तो कागद बाजूला.
बाजूला म्हणजे कायमचा.
बारीक तुकडे व्हायचे त्याचे, हिशेबासकट.

अशी नजर सुटी झाल्यावर
गेटपाशी काढून ठेवता येत नाही.
झडती घेणाऱ्या बाईंनाही ती कधी सापडली नाही.
रोज घरी आली माझ्याबरोबर,
पोळीवर पडली, शिवणीवर,
मुलाच्या वहीवर,
रात्री आरशात माझ्यावर.

म्हणून नवीन काही केलंच नाही.
स्कूटर शिकले नाही.
भिशीच्या पैशांची पेटी घेतली,
भाता न उघडता विकली.
लोक म्हणायचे,
खैरनारबाईंचं कधी काही चुकत नाही.

कसं चुकणार?

आता गुडघ्यांसाठी डॉक्टर म्हणतात, पोहा.
त्र्यंबक रोडचा महापालिकेचा तलाव,
बायकांची बॅच, साडेदहा ते साडेअकरा.
काळा पोशाख, जांभळी टोपी,
एकोणसाठ वय.

तशी मी गंगेकाठची, पंचवटीतली.
भाऊ पुलाजवळून सूर मारायचे,
मी त्यांचे कपडे सांभाळायची.
पाणी मला ठाऊक ते तांब्यातलं
आणि पुराचं, लांबून:
दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागलं
की चला, घरी.

इथे साडेतीन फूट.
मारुतीच्या गुडघ्याला जेमतेम.
आणि मी कठडा धरून उभी,
अकरा दिवस.
शेजारी धात्रकबाई पुरीसारख्या तरंगतात, टम्म.

बाराव्या दिवशी तेजल पगारे,
शिकवणारी, वय बावीस,
कठड्याला कोपर टेकून म्हणाली,
मावशी, बुडायची भीती वाटते का?
म्हटलं, नाही गं.
बुडताना कशी दिसेन, त्याची.
ती हसली नाही.
म्हणाली, चार वर्षं बघतेय मी.
सगळे घाणच पोहतात. आधी.

हात सोडला.
(सोडला म्हणजे सुटला. घामानं की पाण्यानं, कोण जाणे.)
नाकात क्लोरीन, कानात ढोल,
घशातून म्हशीचा आवाज.
वर आले तेव्हा टोपी तिकडे, मी इकडे,
आणि पाय तर जमिनीला लागलेलेच होते.

खोकता खोकता सवयीनं मागे वळले,
चूक कुठे झाली ते बघायला,
खूण करायला.

काही नव्हतं.
जिथे आपटले तिथे पाणी होतं,
होतं तसं.
गुलमोहराचं एक बारीक पान
त्या जागेवरून निवांत चाललेलं.
एकतीस वर्षांत
असा कागद हाताखालून गेला नव्हता.

पुन्हा सोडला. पुन्हा म्हैस.
पुन्हा.
सातव्यांदा चार मोजेपर्यंत तरंगले.
साडेतीन असतील.
मोजणारी मीच, तेव्हा धरून चला.

परतीच्या बसमध्ये
केसांचं पाणी पाठीवर ओघळत होतं.
पिशवीतून दहाची नोट काढली,
भिजलेली, कोपरा दुमडलेला,
गांधीजींच्या खांद्याशी निळसर डाग.
हात आपोआप वर गेला, उजेडाकडे.
मग खाली घेतला.
ओली आहे हो, मी कंडक्टरला म्हटलं.
त्यानं पाहिलंसुद्धा नाही,
बोटांत इतर नोटांशेजारी खोचली,
म्हणाला,
चालते की.

उद्या पाच मोजायचे आहेत.